खरखर आणि शांतता

मनुष्याच्या पंचेंद्रियांत कानाइतके सोशिक इंद्रिय दुसरे नसेल. नको ते दिसू लागले तर डोळ्यास पापणी मिटता येते. नको तो घास ओठांवरच अडविता येतो. कानास मात्र दार नाही. जे येईल ते त्याने निमूटपणे आत घ्यावे आणि त्यातून हवे तेवढे निवडून काढावे, अशी त्याची जन्माची चाकरी. लग्नघरच्या गलक्यातून आपल्या नावाची हाक नेमकी वेचणारा कान काय, किंवा शंभर दिंड्यांच्या गजरात आपल्या गावच्या मृदंगाची थाप ओळखणारा कान काय, याच चाकरीत मुरलेला असतो. परंतु ही चाकरी ज्यांच्या कानांनी खऱ्या इमानाने केली असे लोक कोणते म्हणून कोणी विचारील, तर आम्ही निःशंकपणे लघुलहरींवरील नभोवाणी ऐकणाऱ्यांकडे बोट दाखवू.

लघुलहरींची ही गंमत ज्यांस ठाऊक नाही अशी एक पिढी आता मोठी झाली आहे. तिच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. मध्यमलहरींचा दिवसाचा पल्ला जिल्ह्या-दोन जिल्ह्यांचा. लघुलहरींचे तसे नाही. त्या वर जातात, पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर असलेल्या आयनांबराच्या थरावरून परततात आणि हजार-दोन हजार किलोमीटर पलीकडे उतरतात. तेथूनही उसळी घेऊन पुन्हा वर जातात. कोलंबो, लंडन, मॉस्को ही शहरे एकेकाळी आमच्याकडील ओसरीवर आली ती याच वाटेने. मात्र ही वाट कधीच स्वच्छ नसे. शिट्ट्या, खरखर, दोन केंद्रांची झोंबाझोंबी आणि मध्येच आवाजाचे खोल बुडून पुन्हा वर येणे, हे सारे सोसल्यावर पदरात पडे ते अर्धे वाक्य. उरलेले अर्धे श्रोत्याने मनाने पुरे करावयाचे. बातमी ऐकणे हे त्या काळी अर्धे ऐकणे व अर्धे ताडणे असे.

या जुन्या विद्येस अंकांची नवी बोली शिकविण्याचा उद्योग गेल्या पाव शतकात झाला. १९९८ साली चीनमधील ग्वांगझौ येथे अनेक देशांतील नभोवाणी संस्था व कारखानदार एकत्र आले आणि त्यांनी 'डिजिटल रेडिओ मोंदियाल' या नावाची पद्धती सिद्ध करण्याचे योजिले. २००३ च्या जूनमध्ये तिची नियमित प्रक्षेपणे सुरू झाली. आपल्या आकाशवाणीने २००९ च्या जानेवारीत दिल्लीजवळील खामपूरच्या केंद्रावरून या पद्धतीने रोजचे प्रक्षेपण आरंभिले, आणि पुढील काही वर्षांत देशभर ३५ मध्यमलहरी प्रक्षेपक या पद्धतीचे उभे केले. न्यूझीलंडची नभोवाणी प्रशांत महासागरातील बेटांवरच्या केंद्रांपर्यंत आपले कार्यक्रम याच बोलीत पोहोचविते, आणि चीननेही आपल्या देशातील दूरच्या प्रांतांसाठी लघुलहरींवर तिचा अवलंब केला आहे.

या बोलीतील युक्ती समजण्यास अवघड नाही. आवाजाचे आधी अंक करावयाचे. सेकंदास सुमारे वीस हजार. ते एकाच लहरीवर लादून पळवावयाचे नाहीत, तर दहा किलोहर्ट्झच्या पट्टीत दोनशेंहून अधिक बारीक लहरी शेजारी शेजारी चालवून त्यांत वाटून द्यावयाचे. ओझे वाटले गेल्यामुळे प्रत्येक लहरीस संथपणे चालता येते. आकाशातून येणारा संदेश एका उसळीने आला आणि त्याचाच जुळा भाऊ दोन उसळ्या घेऊन काही सहस्रांश सेकंद उशिरा आला, तरी या संथ चालीत तो उशीर खपून जातो. शिवाय अंक क्रमाने पाठवीत नाहीत. पत्ते पिसावेत तसे पिसून पाठवितात, म्हणजे वाटेत एखादा झपका आला तरी सलग वाक्य न बुडता इकडचातिकडचा एखादा पत्ताच हरवतो आणि तो शेजारच्या पत्त्यांवरून ओळखता येतो. जुन्या पद्धतीत प्रक्षेपकाच्या शक्तीचा मोठा वाटा, किमान दोन-तृतीयांश, नुसत्या वाहक लहरीवर खर्च होई, आणि त्या लहरीत शब्द म्हणून काहीच नसे. नव्या पद्धतीत हा अपव्यय टळतो, म्हणून थोड्या विजेत तेवढाच प्रदेश व्यापता येतो.

आता हे सारे आम्ही माळशिरसला बसून कसे ऐकले ते सांगतो. या पद्धतीचे तयार संच आपल्याकडील बाजारात आले तेव्हा त्यांची किंमत दहा हजार रुपयांच्या पुढे होती. आमची मजल तेथवर नव्हती आणि, खरे सांगावयाचे तर, आयते ऐकण्यात आम्हांस गोडीही नव्हती. संगणकावर दूरचित्रवाणी पाहता यावी म्हणून बनविलेली अंगठ्याएवढी एक पट्टी बाजारात मिळते. तिच्यातील चिप तैवानची आणि मुळात युरोपातील दूरचित्रवाणीसाठी घडविलेली. २०१२ साली काही हौशी संशोधकांच्या ध्यानात आले की, ही चिप मागितल्यास कानी पडलेल्या लहरी जशाच्या तशा, कच्च्या, संगणकाच्या हवाली करते. त्यांचे पुढे काय करावयाचे ते संगणकाने पाहावे. झाले! ज्या कामास पूर्वी प्रयोगशाळेतील महागडी उपकरणे लागत, ते हजार-दोन हजार रुपयांत कोणाही विद्यार्थ्याच्या आटोक्यात आले. या पट्टीचा कान उंच कंपनसंख्यांना सरावलेला असून लघुलहरी त्याच्या मानाने पुष्कळच खालच्या. म्हणून त्यांस उचलून वरच्या पट्टीत नेऊन ठेवणारा एक लहानसा जोडभाग मध्ये लावावा लागतो. लहरींतून अंक व अंकांतून आवाज काढणारी 'ड्रीम' नावाची संगणक-आज्ञावली जर्मनीतील डार्मस्टाटच्या तांत्रिक विद्यापीठात तयार झाली. ती सर्वांस मोकळी आहे.

राहिली तार. तिच्यासाठी आम्ही मोटारी भरून देणाऱ्या कारागिराकडे गेलो. आमच्या तालुक्याच्या एका अंगास नीरेचा उजवा कालवा आणि त्यावर पोसलेला ऊस, तर दुसऱ्या अंगास मेंढरांची कोरडी माळराने. जेथे पाणी आहे तेथे विहिरीवर मोटार आहे, जेथे मोटार आहे तेथे ती जळणार आहे, आणि म्हणून मोटार भरण्याचा धंदा येथे बारमाही चालतो. त्या कारागिराने तांब्याच्या तारेचे उरलेसुरले भेंडोळे वजनावर दिले. गच्चीच्या कठड्यापासून शेवग्यापर्यंत ते ताणले. दोन्ही टोकांस ठिबकच्या नळीचे तुकडे बांधून तार भिंतीपासून व झाडापासून अलग ठेवली. आणि ओल राहावी म्हणून मोरीच्या कडेस लोखंडी सळई ठोकून तिला जमिनीची जोड दिली. हा खटाटोप पाहून शेजारचे एक ऊसवाले बागायतदार म्हणाले, "काका, मोबाइलवर समदं येतंय की! मग ही तारंची उठाठेव कशापायी?" या प्रश्नाचे उत्तर पुढे देऊ. तो प्रश्न योग्य होता एवढे मात्र येथेच कबूल केले पाहिजे.

पहिल्या काही रात्री संगणकाच्या पडद्यावर नुसते धुके दिसे. केंद्राची लहर तेथे आहे हे कळे, पण त्यातून शब्द निघत नसे. कारण शोधता शोधता घरातलेच सारे दिवे संशयित ठरले. स्वस्त एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, पलीकडच्या मळ्यातील सौरपंपाची पेटी, ही प्रत्येक वस्तू आपापल्या परीने लघुलहरींच्या पट्ट्यात कुजबुजत असते. एकेकटीची कुजबुज कोणास जाणवत नाही. साऱ्या गावाची मिळून मात्र एक अखंड घरघर होते, आणि बाराशे किलोमीटरांवरून आलेला आवाज तिच्यात बुडून जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी खेड्यात संच विरळा असे, परंतु आकाश निर्मळ असे. आज संच कितीही मिळोत, आकाश गढूळ झाले आहे. मग एके रात्री गावची वीज गेली. पंखे थांबले, दिवे विझले, आणि केवळ आपल्या बॅटरीवर चालत राहिलेल्या संगणकाच्या पडद्यावरील धुके हां हां म्हणता विरळ होऊ लागले.

त्या पडद्यावर जे दिसते ते एकदा पाहण्यासारखे आहे. आलेल्या प्रत्येक अंकसमूहाची जागा तेथे एका ठिपक्याने दाखविली जाते. आठ ओळी, आठ रांगा, असे चौसष्ट ठिपके. लहर क्षीण असली की ठिपके विस्कटून नुसते पीठ सांडल्यासारखे दिसतात. लहर सुधारली की त्या पिठातून ठिपक्यांची रांगोळी उमटते. रांगोळी पुरेशी रेखीव झाली, म्हणजे आवाज घरघरीच्या सुमारे पंधरा डेसिबेल वर आला, की एकामागून एक हिरवे दिवे लागतात आणि दोन-तीन सेकंदांच्या शांततेनंतर माणूस बोलू लागतो. त्या रात्री बोलला तो आकाशवाणीच्या परदेशसेवेचा हिंदी निवेदक. त्याचे शब्द वस्तुतः युरोपकडे निघालेले होते. आम्हांस ते पाठमोरेच ऐकू आले. तथापि त्यांत खरखरीचा लवलेश नव्हता.

आमच्या घरी आत्या असतात. वय ऐंशीच्या पुढे, झोप थोडी, आणि कान गेली आठ-दहा वर्षे अधू. उतारवयात कान आवाजापेक्षा निवड गमावतो. शब्द व गोंगाट वेगळे काढण्याची जी चाकरी आरंभी वर्णिली, तीच त्याच्याने होत नाही. म्हणून एके काळी रेडिओवाचून सकाळ न उजाडणाऱ्या आत्यांनी रेडिओ हळूहळू सोडून दिला होता. त्या रात्री वीज गेल्याने उकडून त्या बाहेर आल्या आणि संगणकाजवळ बसल्या. दहा मिनिटे त्यांनी बातम्या ऐकल्या, एकदाही "काय म्हणाला?" म्हणून विचारले नाही. "अरे, हा तर शेजारच्या खोलीतून बोलतोय," एवढेच त्या म्हणाल्या. आमच्या साऱ्या उठाठेवीचे त्या क्षणी चीज झाले.

आणि पुढल्याच क्षणी आवाज तुटला. तो बुडाला नाही, विरला नाही. वाक्याच्या मध्यावर कात्रीने कापावा तसा तुटला आणि मागे शांतता उरली. या नव्या बोलीचा स्वभावच असा आहे. जुन्या पद्धतीत लहर जसजशी क्षीण होई तसतसा आवाज झिजे, आणि कान त्याच्यामागे अंधारात चाचपडत जाऊ शके. येथे एका मर्यादेपर्यंत सारे काही, आणि तिच्यापलीकडे काहीच नाही. आत्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "गेला का रे तो? खरखर असली म्हणजे निदान माणूस तिथं आहे, एवढं तरी कळायचं."

आम्ही पुष्कळ पुस्तके चाळली, पण या पद्धतीवरील याहून मार्मिक टीका आमच्या वाचनात आली नाही. खरखर हा दोष होता हे खरे. परंतु तो दोष एक निरोपही देत असे. वाट चालू आहे, पलीकडे कोणी बोलत आहे, जरा दम धरा, असा तो निरोप. नवी शांतता काहीच सांगत नाही. केंद्र बंद पडले, आकाश रुसले, की आपली तार तुटली, हे तिच्यावरून कळावयास मार्ग नाही. सुदैवाने एक गोष्ट पडद्यावर आमच्या दृष्टीस पडली. केंद्राचे नाव व भाषा सांगणारे थोडे अंक या पद्धतीत आवाजाच्या अंकांहून अधिक भक्कम बांधून पाठविलेले असतात. त्यामुळे आवाज तुटल्यावरही पुष्कळदा नाव पडद्यावर टिकून राहते. आत्यांस ते वाचून दाखविले. "मग बसू या थोडं," असे म्हणून त्या बसून राहिल्या. सहा-सात मिनिटांनी निवेदक परत आला. मात्र मधल्या बातम्या गेल्या त्या गेल्याच.

आता आमच्या बागायतदार शेजाऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. मोबाइलवर सारे येते हे खरे. परंतु ते ज्याच्या त्याच्यासाठी वेगळे येते. लाख लोकांनी एकच गोष्ट ऐकावयाची तर ती लाख वेळा पाठवावी लागते, आणि वाट अरुंद पडली की कोणासच मिळत नाही. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुत्याहून आमच्या गावी मुक्कामास येते. त्या रात्री हरवलेल्या म्हातारीचा शोध घेणाऱ्या मुलास मोबाइलचा संपर्क मिळेल तर शपथ! नभोवाणीस गर्दी ठाऊक नाही. एक श्रोता असो वा एक लाख, प्रक्षेपकास अधिक श्रम पडत नाहीत. आणि श्रोता कोण, तो काय ऐकतो, किती वेळ ऐकतो, याची नोंद कोठेही होत नाही.

ही शेवटची गोष्ट क्षुल्लक नाही. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत उषा मेहता व त्यांचे सहकारी घरे बदलीत, ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवीत होते. सरकारने अखेरीस प्रक्षेपक शोधून काढला व चालकांस पकडले. पण ज्यांनी ज्यांनी तो ऐकला त्यांची यादी काही सरकारास करता आली नाही. स्वातंत्र्यानंतरचाही दाखला आहे. नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे संगीताचे मोठे चाहते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर चित्रपटगीतांस जागा उरली नाही. श्रोत्यांनी मोर्चे काढले नाहीत. काटा फिरवून ते लघुलहरींवरील रेडिओ सिलोनकडे गेले. १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविधभारती सुरू झाली, तिच्यामागे या मुकाट्याने फिरलेल्या काट्यांचा वाटा मोठा होता. श्रोत्याच्या हाती काटा आहे तोवर ऐकविणाऱ्यास त्याची मर्जी सांभाळावी लागते.

म्हणूनच नव्या बोलीचे एक लक्षण आम्हांस खुपते. जुना संच कोणाही हुशार पोराने घरी जुळवावा असा होता. नव्या पद्धतीत अंकांतून आवाज काढण्याची जी रीत आहे तिच्यावर पेटंटचे हक्क आहेत, आणि संच बनविणाऱ्यास त्याचे शुल्क भरावे लागते. एके काळी रेडिओ बाळगण्यासाठी टपालकचेरीत परवाना-फी भरावी लागे. ती १९८० च्या दशकात रद्द झाली. आता ती फी आडवाटेने संचाच्या किमतीतून परत आली आहे असे म्हणावयास हरकत नाही. परिणाम असा की, प्रक्षेपक उभे राहिले, नव्या मोटारींतून लाखांनी संच बसविले गेले, पण त्या मोटारींचे कित्येक धनी आपल्या गाडीत असे काही आहे हे जाणतही नाहीत. आणि ज्याच्या घरी खरोखर ऐकणारा कान आहे त्याच्या फळीवर ठेवण्याजोगा संच नाही. तिकडे जुनी केंद्रे एकामागून एक मावळत आहेत. बीबीसीचे मराठी प्रक्षेपण १९५८ सालीच थांबले होते. तिची हिंदी सेवाही २०२० च्या जानेवारीअखेर लघुलहरींवरून उतरली.

संच कोणाच्या हाती आहे यावर नभोवाणीचे मोल ठरते, हे महाराष्ट्राने एकदा प्रयोगाने पाहिले आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने मराठी मुलखातील सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापिली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळींनी एकत्र ऐकावे, ऐकल्यावर चर्चा करावी आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवाव्यात, अशी रीत होती. त्या प्रयोगाची पाहणी झाली तेव्हा श्रवणमंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात इतर गावांच्या मानाने ठळक भर पडलेली आढळली. तेथे प्रक्षेपक नवा नव्हता, बोलीही नवी नव्हती. नवे होते ते एवढेच की, संचाभोवती माणसे बसली होती आणि त्यांचे कोणीतरी ऐकून घेत होते.

तेव्हा आमची अपेक्षा फार मोठी नाही. ही बोली ज्यांनी घडविली त्यांनी, आणि ज्यांनी सार्वजनिक पैशातून तिचे प्रक्षेपक उभे केले त्यांनी, आता एक साधा संच घडवावा. तो शेतमजुराच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीत यावा. वीज नसताना चालावा. आणि आवाज तुटला असता गप्प न बसता, पलीकडे अमुक केंद्र अजून आहे, एवढे एखाद्या लहानशा दिव्याने तरी सांगावे. हे ज्ञान यंत्रापाशी असतेच. ते श्रोत्यापर्यंत पोहोचविण्याची तेवढी इच्छा हवी. तोपर्यंत ज्यांच्या घरी जुना संगणक पडून आहे, गच्ची आहे आणि रात्री जागणारे कोणी वडीलधारे माणूस आहे, त्यांनी मोटारी भरणाऱ्या कारागिराकडून दहा-बारा मीटर तार जरूर आणावी. पहिल्या रात्री काही ऐकू येणार नाही. दुसऱ्या रात्री घरातले दिवे एकेक करून मालवून पाहावेत.